संगणकातील मेमरी कशी ओळखावी?

संगणकाची मेमरी वाढविण्यापूर्वी आत कोणती पट्टी बसविलेली आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. विंडोज १० व ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' विभागात एकूण क्षमता, वेग आणि वापरातील स्लॉटची संख्या दिसते. पट्टीवरील लेबल त्याहून बोलके असते. 'पीसी४-२५६००' यातील ४ हा आकडा डीडीआर४ ही पिढी दर्शवितो. २५६०० म्हणजे सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. त्यास ८ ने भागले की ३२०० हा दुकानात सांगितला जाणारा वेग मिळतो.

पिना मोजून मात्र निर्णय घेऊ नये. डेस्कटॉपच्या डीडीआर२ व डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात. खाचेची जागा तेवढी वेगळी. जोर लावल्यास स्लॉटच निकामी होऊ शकतो. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तर मेमरी मदरबोर्डवरच डाग देऊन जोडलेली असते. तेथे नवी पट्टी घेण्याचा खर्च वायाच जातो.