'सी' म्हणजे शंभर, कार्बन की तांबे?

१/ रोमन शिलालेखातील 'सी' म्हणजे शंभर. रसायनशास्त्रात तेच अक्षर कार्बन. 'आय' तिथे एक, इथे आयोडीन. 'व्ही' तिथे पाच, इथे व्हॅनेडियम. अक्षरे तीच, अर्थ निराळे. हे कसे घडले, ते या धाग्यात पाहू.

२/ 'सी' हे शंभर या अर्थाच्या 'सेंटम' या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर, असे आपण शिकतो. परंतु रोमन अंकांचा उगम अक्षरांत नाही, मोजणीच्या खुणांत आहे. 'आय' ही एक रेघ. 'व्ही' हा 'एक्स'चा अर्धा भाग. हजाराची जुनी खूण उभ्या रेघेने छेदलेल्या वर्तुळासारखी होती. तिचा उजवा अर्धा भाग म्हणजे पाचशेचा 'डी'.

३/ या खुणा कालांतराने ओळखीच्या अक्षरांसारख्या लिहिल्या जाऊ लागल्या. शंभराच्या खुणेला 'सी'चे रूप मिळाले आणि 'सेंटम'मुळे ते पक्के झाले. थोडक्यात, येथे खूण आधी, अक्षर मागाहून.

४/ रसायनशास्त्राचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. १८०८ मध्ये जॉन डाल्टनने मूलद्रव्यांसाठी वर्तुळे वापरली. रिकामे वर्तुळ ऑक्सिजन, काळे भरलेले कार्बन. अनेक धातूंसाठी मात्र त्याने वर्तुळात इंग्रजी नावाचे आद्याक्षर लिहिले. त्यामुळे डाल्टनचा 'सी' म्हणजे तांबे आणि 'आय' म्हणजे लोखंड!

५/ स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये वर्तुळे बाजूला सारली. छापखान्यातील साध्या खिळ्यांनी जुळवता येतील अशी अक्षरेच त्याने संज्ञा म्हणून निवडली आणि नावे लॅटिनमधून घेतली. अधातूला एकच अक्षर, म्हणून कार्बनला 'सी'. तांबे 'क्युप्रम'वरून 'सी-यू' झाले आणि लोखंड 'फेरम'वरून 'एफ-ई'. वृद्ध डाल्टनला ही पद्धत अखेरपर्यंत रुचली नाही.

६/ पुढे दोन्ही पद्धती एकाच कागदावर आल्या. मेंडेलीव्हच्या १८७१ च्या कोष्टकात गटांचे क्रमांक रोमन आहेत. सातव्या गटात आयोडीन आहे, पण त्याची संज्ञा 'जे' आहे. जर्मनमध्ये त्याचे नाव 'योड' असे आणि ते 'जे'ने लिहीत.

७/ १९१९ मध्ये आल्फ्रेड श्टॉकने संयुगांच्या नावांत रोमन अंक आणले. लोहापुढे कंसात रोमन दोन म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले लोह. खगोलशास्त्रज्ञ मात्र उदासीन अणूलाच रोमन एक म्हणतात. त्यामुळे त्यांच्या लेखी लोहापुढील रोमन दोन म्हणजे एकच इलेक्ट्रॉन गमावलेले लोह. येथे तर अंकाचाही अर्थ पालटला.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक शिस्त मिळते. डाल्टनच्या पुस्तकातील वर्तुळातला 'सी' आजच्या सवयीने वाचला, तर तांब्याचा कार्बन होतो आणि त्यावर उभारलेले सारे अनुमान कोसळते. मोडी कागद असो, ताम्रपट असो वा रसायनाचा ग्रंथ, चिन्हाचा अर्थ लावण्यापूर्वी ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिले हे विचारावे. अर्थ अक्षरात नसतो. तो लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करारात असतो.

(समाप्त)