कटाक्ष : पळभराच्या नजरेची कुळकथा

'सरांचा वेळेबाबत फार कटाक्ष आहे' हे वाक्य ऐकताना कुणाला डोळे आठवत नाहीत. शब्द मात्र मुळात निव्वळ डोळ्यांचा. संस्कृतात 'कट' म्हणजे गंडस्थळ, कानशिलाकडची बाजू. 'अक्षि' म्हणजे डोळा. मान हलत नाही, चेहरा समोरच राहतो, बुबुळ तेवढं कानशिलाकडच्या कोपऱ्यात सरकतं आणि लगेच परततं. अमरकोशात कटाक्षाचा अर्थ डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणं असाच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात बुबुळांच्या ९ हालचाली सांगितल्या आहेत. त्यांतल्या 'विवर्तना'ची ओळख कटाक्षानेच करून दिली आहे.

या शब्दाचं सर्वांत देखणं रूप मला मेघदूतात दिसतं. उज्जयिनीच्या महाकाल मंदिरात सांजवेळी स्त्रिया नाचताहेत, चवऱ्या ढाळून त्यांचे हात दमले आहेत. अंगावर पावसाचे पहिले थेंब पडतात आणि त्या मेघाकडे कटाक्ष टाकतात. कसे, तर भुंग्यांच्या ओळीसारखे लांबलचक. पळभराची नजर कालिदासाने अशी आभाळापर्यंत ताणली.

पुढे शब्द गाभाऱ्यात गेला. देवाने ओझरतं पाहिलं तरी भक्ताला पुरे, म्हणून 'कृपाकटाक्ष'. कांचीच्या कामाक्षी देवीवरच्या 'मूकपंचशती' या स्तोत्रात एक अख्खं शतक कटाक्षावर आहे, आणि तमिळ घरांत लक्ष्मीचा कटाक्ष म्हणजे भरभराट. हिंदीत त्याचा टोमणा झाला.

मराठीने त्याला शिस्त लावली. पथ्य कटाक्षाने पाळायचं, बाहेरचं पाणी कटाक्षाने टाळायचं. हे कसं घडलं असावं? मला वाटतं, भाकरी थापता थापता आजी चुलीवरच्या दुधावर नजर ठेवते, तिथे याचं उत्तर आहे. हातचं काम न सोडता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणं म्हणजे सतत लक्ष ठेवणं. लक्ष ठेवण्यातून काळजी आणि काळजीतून आग्रह. क्रियापदं अजून दोन्ही अर्थ वेगळे राखून आहेत. कटाक्ष 'टाकला' की डोळा आला. कटाक्ष 'असला' की बाणा आला.

म्हणूनच हिंदीच्या वळणाने कुणी 'विरोधकांवर कटाक्ष' लिहिलं की मला खटकतं. त्या कामाला आपल्याकडे टोला आहे, टोमणा आहे, चिमटाही आहे.