मोटारीविना अलिबाग

मुंबईकरांचा अलिबागचा प्रवास बहुधा वडखळ नाक्यावरच्या वाहनांच्या रांगेत सुरू होतो आणि रविवारी संध्याकाळी त्याच रांगेत संपतो. वास्तविक ज्या थोड्या गावांना मुंबईहून मोटारीने जाणे हाच लांबचा मार्ग ठरतो, त्यांत अलिबागची गणना करावी लागेल. रस्त्याने पेणला वळसा घालून शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. समुद्रमार्गे मांडवा जेमतेम तासाभरावर आहे.

गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच व कॅटामरान सुटतात. त्यांच्या तिकिटात बहुधा मांडवा ते अलिबाग बसप्रवासही समाविष्ट असतो. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२०मध्ये रो-रो सेवा सुरू झाली. तिची जाहिरात मोटारी नेण्यासाठी झाली असली, तरी खरी सोय झाली ती सायकलस्वारांची. डॉकयार्ड रोड स्थानकापासून भाऊचा धक्का जवळ आहे. तेथे सायकलीसह बोटीत चढावे आणि मांडव्याला थेट रस्त्याला लागावे. पावसाळ्यात गेट वेच्या बोटी बंद असतात. रो-रो हवामान पाहून चालते, अन्यथा एस.टी. आहेच.

मांडवा ते अलिबाग हे अंतर वीस किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. चढ नगण्य, मात्र रस्ता अरुंद आणि सुटीच्या दिवशी वर्दळीचा, त्यामुळे सकाळची पहिली बोट गाठणे हिताचे. मुख्य रस्ता झिराड, चोंढीवरून जातो. सासवणे, आवास, किहीम ही गावे किनाऱ्याकडे आहेत. सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आता शिल्पालय आहे. पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या या कलावंताची माणसे, जनावरे येथे अंगणातच भेटतात. पुढे नवगाव लागते. बेने इस्रायली समाजाचे पूर्वज जहाज फुटून येथेच किनाऱ्याला लागले, अशी परंपरा आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. अलिबागेतील इस्रायल आळीत त्यांचे सिनेगॉग आजही उभे आहे.

शहरात शिरल्यावर सायकलही बाजूला ठेवली तरी चालेल. कान्होजी आंग्रे यांची समाधी, हिराकोट, सिनेगॉग आणि समुद्र हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. किनाऱ्याजवळच्या भूचुंबकीय वेधशाळेची कथा तर या विषयाला विशेष साजेशी आहे. हे काम पूर्वी मुंबईत कुलाब्याला चाले. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडतील, हे शास्त्रज्ञांनी ओळखले आणि १९०४मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. वाहनांपासून दूर, म्हणून अलिबाग! आजच्या शनिवार-रविवारचा रस्ता पाहता हा योगायोग थोडा बोचतो.

आता कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये बांधकामास घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला हा जलदुर्ग पुढे आंग्र्यांचे बळ ठरला. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी कान्होजींपुढे त्यांचे काही चालले नाही. तटाच्या आत गोड्या पाण्याची पुष्करणी आणि सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. ओहोटीला येथे चालत जाता येते, आणि नेमके येथेच पाहुणे फसतात. किल्ल्यात रमलेल्यांना परतीची वाट पाण्याखाली गेल्याचे उशिरा कळते. मग बोटीची वाट पाहायची, किंवा कंबरभर पाण्यात उतरण्याचा अविचार करायचा.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब यासाठी जाणून घ्यावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या सहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच नियम लागू पडतो. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते खरी, पण ते भांगाचे दिवस. पाणी फारसे हटत नाही आणि वाट पूर्ण कोरडी पडेलच असे नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे पाणी खूप दूर जाते, परंतु ओहोटी पहाटे व सायंकाळी येते. म्हणून तृतीया ते पंचमी हे दिवस किल्ल्यासाठी सर्वांत सोयीचे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळल्यावर रेंगाळू नये. हिशेब ढोबळ आहे; निघण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे. त्यांनी 'नको' म्हटले तर हुज्जत घालू नये. पावसाळ्यात तर ही वाट नकोच.

दक्षिणेकडे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा सतरा-अठरा किलोमीटरचा पट्टा सायकलीसाठी उत्तम. नकाशात किनारा सलग दिसतो, पण अलिबाग आणि आक्षी यांच्यामध्ये खाडी आहे. तेथे पुलावरूनच जावे लागते. आक्षीत शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातील मराठी शिलालेख आहे. त्यावरील शक ९३४ वाचला, तर तो इ.स. १०१२चा, म्हणजे मराठीच्या आद्य लेखांपैकी एक ठरतो. या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मोटारीतून जाणाऱ्यांना तो दिसतही नाही. आक्षी-नागावच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते आणि सायकल सहज चालते. मुक्कामी पोहोचताच मात्र साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यावे. खारे पाणी लोखंडाला क्षमा करत नाही.

नागावनंतर सुपारीच्या वाड्यांची सावली डोक्यावर येते. रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदी गावालाच वेढून उभी आहे आणि रस्ता तिच्या वेशीतून जातो. १४६९च्या सुमारास रशियन प्रवासी अफनासी निकितीन चौल बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. पाय थकले तर सायकल नागावातच ठेवून पुढे एस.टी.ने जाता येईल. फेब्रुवारीनंतर परतताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. सायकलच्या दांड्यावर एक वेणी आरामात बसते. मात्र मांडव्याहून सुटणाऱ्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून ठेवावी.