नत्रपुरवठा आणि गव्हाच्या रोपाची मुळे : एका प्रश्नाचा इतिहास

गव्हाच्या पिकाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम ओंबीकडे जाते, मुळांकडे नव्हे. ओंबी हाती घेऊन मोजता येते. मुळे मोजावयाची तर जमीन खणावी लागते आणि खणताना ती तुटतात. नत्र आणि गहू यांच्या संबंधाचे संशोधनही याच क्रमाने घडले.

१८४० नंतर जर्मन रसायनज्ञ लीबिग यांनी असे प्रतिपादन केले की, पिकाला लागणारे नत्र हवेतील अमोनियातून मिळते. शेतकऱ्याने खनिज क्षार तेवढे पुरवावेत. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबाल्क या शेतात गव्हाचा प्रयोग आरंभिला आणि नत्रयुक्त खतावाचून केवळ खनिजांनी उत्पन्न फारसे वाढत नाही, हे दाखवून दिले. वाद मिटला, परंतु तो धान्य व पेंढा यांच्या वजनावर मिटला. मुळे त्या तराजूत पडली नाहीत.

१८६० च्या सुमारास साक्स व क्नोप यांनी क्षारांच्या द्रावणात रोपे वाढविण्याची पद्धती रूढ केली, आणि मुळे डोळ्यांना दिसू लागली. १८६२ मध्ये नोबे यांनी नोंदविले की, अन्नद्रव्यांनी समृद्ध अशा मातीच्या थरात मुळांना अधिक फाटे फुटतात. मूळ हे केवळ शोषणाची नळी नसून परिस्थितीनुसार आपली वाढ बदलणारे इंद्रिय आहे, ही कल्पना येथून बळावली.

नत्राची टंचाई असता रोपाची पाने खुंटतात, पण मुळे त्या मानाने कमी खुंटतात. याची संगती १९६२ मध्ये नेदरलंड्समधील ब्राउवर यांनी लावली. नत्र मुळांवाटे येते, म्हणून तुटपुंज्या साठ्यातील वाटा प्रथम मुळे घेतात. पानांची वाढ मंदावल्याने उरलेली शर्कराही मुळांकडे वळते. विपुल नत्र मिळाल्यास उलट घडते : पाने जोमाने वाढतात आणि एकूण भारात मुळांचा वाटा घटतो.

१९७५ मध्ये ड्रू यांनी सातूच्या मुळाच्या मधल्याच भागाला भरपूर नायट्रेट पुरविले, तेव्हा उपमुळे त्याच भागात दाटली. पुढे १९९८ मध्ये झांग व फोर्ड यांनी अॅराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीत या प्रतिसादाशी निगडित असलेले एक जनुक दाखविले. त्यातून नायट्रेट हे अन्न तर आहेच, शिवाय मुळाला मिळणारी सूचनाही आहे, हे मत दृढ झाले. ज्या रॉथॅमस्टेडमध्ये ओंब्या मोजल्या गेल्या, तेथेच हे कार्य झाले.

या इतिहासाला व्यावहारिक बाजूही आहे. वेन्स व एहदाई यांनी २००७ मध्ये दाखविले की, हरितक्रांतीतील बुटक्या गव्हांची मूळसंस्था जुन्या स्थानिक वाणांहून लहान आहे. सिंचन व खत मुबलक असेल तेथे हे उणे जाणवत नाही. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतरच्या ओलीवर वाढणाऱ्या कोरडवाहू गव्हाची गोष्ट वेगळी. तेथे ओल दिवसेंदिवस खाली उतरते आणि मुळांनी तिच्या मागे जावे लागते.

म्हणून नत्र कमी द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही. उपाशी रोपाची मुळेही अखेर दुबळीच राहतात. नत्र किती, याबरोबरच ते केव्हा व किती खोलीवर मिळावे, हे विचारले पाहिजे. आणि त्याचे उत्तर केवळ ओंबी मोजून मिळणार नाही.