सनद नसलेली वर्कशीट

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षक मोबाइलवर शिकवायला शिकलो. ओतूरच्या घरी बसून मी उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक वर्कशीट केली. विषय होता दोन्ही भाषांत चालणारे शब्द आणि त्यांचे लिंग. घाईत एक चूक झाली. मराठीत ‘तो आवाज’, म्हणून उर्दूच्या रकान्यातही मी ‘आवाज’ पुल्लिंगी लिहून मोकळा झालो. उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे. दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत पाठवली, पण पहिली तोवर पुढे गेली होती. काही महिन्यांनी ती फिरत फिरत माझ्याकडेच आली. खालचे माझे नाव कापलेले, चूक मात्र शाबूत.

नाव गेल्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण खरे नुकसान मुलांचे होते. ज्या शिक्षकाला ती चूक दिसली असेल, त्याने कळवायचे कुणाला?

महाराष्ट्रात शिक्षकांची ही देवाणघेवाण टाळेबंदीच्या आधीपासूनची आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांतही कोड आले. २०१७ मध्ये देशपातळीवर ‘दीक्षा’ सुरू झाले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. म्हणजे वाटण्याची दानत आपल्याकडे आहे.

उर्दू शिक्षकांची अडचण जरा वेगळी. आमचे बरेचसे साहित्य ‘इनपेज’मध्ये टाइप झालेले. जुन्या इनपेजची अक्षरे युनिकोडमध्ये नव्हती, त्यामुळे मोबाइलवर ती उघडत नसत. मग पानाचा फोटो काढून पाठवायचा. फोटो वाचता येतो, पण त्यातला एक शब्द बदलायचा तर सगळे पान पुन्हा टाइप करावे लागते.

आपल्या बुजुर्गांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. हदीस सांगताना आधी सनद सांगायची, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले ती साखळी. ती मानासाठी नव्हती. साखळीतला कच्चा दुवा शोधता यावा, म्हणून होती. उस्तादाकडून इजाजत घेऊन शिष्य पुढे शिकवायचा, तेव्हाही उस्तादाचे नाव सोबत चालायचे.

आणि हे काही फक्त आपलेच नाही. ओतूरला मांडवीकाठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांनी आपल्या अभंगात गुरुपरंपरा सांगताना राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी अशी नावे घेतली. त्यामुळेच आज वारकरी ओतूरला तुकोबांच्या गुरूंचे गाव म्हणून ओळखतात.

आता मी वर्कशीट युनिकोडमध्ये करतो आणि बदलता येईल अशीच पाठवतो. खाली माझे नाव, तारीख, कुणाचे घेतले त्याचे नाव आणि एक ओळ असते: बदल करा, तुमचेही नाव जोडा, चूक दिसली तर कळवा. मागच्या वर्षी एका शिक्षिकेने दोन चुका कळवल्या. तिचे नाव आता माझ्या नावाखाली आहे.

‘आवाज’ मात्र कुठेतरी अजून पुल्लिंगी फिरत असेल. तुमच्याकडे आला, तर तेवढा दुरुस्त करा.