घरी पाठवलेल्या रुग्णावर नजर कुणाची?

ऑपरेशन झालेल्या रुग्णाने घरी बसून मोबाइलवर जखमेचा फोटो काढायचा, ताप आणि वेदनांबद्दलच्या दोन-चार प्रश्नांची उत्तरे भरायची आणि रुग्णालयातल्या परिचारिकेने ती तपासायची, ही पद्धत अमेरिकेत आता रुळू लागली आहे. तिच्याकडे तंत्रज्ञानाची झेप म्हणून पाहिले जाते. इतिहास पाहिला तर मात्र ती मला एका जुन्या व्यवस्थेची उशिरा होत असलेली भरपाई वाटते. परिचारिका लिलियन वॉल्ड यांच्या पुढाकाराने मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९०९मध्ये आपल्या विमेदारांकडे घरपोच परिचारिका पाठवायला सुरुवात केली. कामगारवस्तीतल्या चाळवजा इमारतींचे जिने चढून या बाया जात, ड्रेसिंग बदलत, ताप पाहत आणि घरच्यांना काय करायचे ते समजावून सांगत. १९५३मध्ये कंपनीने ही सेवा बंद केली.

त्याच सुमारास रुग्णालयातला मुक्काम आटत चालला होता. पूर्वी हर्नियाच्या रुग्णालाही दोन-तीन आठवडे पलंगावर पडून राहावे लागे. डेट्रॉइटचे सर्जन डॅनियल लाइटहाउझर यांनी १९४०च्या दशकात रुग्णाला लवकर उठवून चालते करण्याचा आग्रह धरला, आणि तो योग्यच होता. पडून राहिल्याने फुप्फुसे बिघडतात आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. १९७०मध्ये फिनिक्स शहरात वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या भूलतज्ज्ञांनी सकाळी ऑपरेशन आणि त्याच दिवशी घर, असे केंद्र काढले. इथपर्यंत कारणे वैद्यकीय आणि सोयीची होती. १९८३मध्ये मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्याने आजाराच्या गटाप्रमाणे ठरावीक रक्कम द्यायचे ठरवले, तेव्हा गणित पालटले. रुग्ण चार दिवस राहो की दहा, पैसे तेवढेच. मग डिस्चार्जची घाई होणारच. रँड संस्थेच्या संशोधकांना १९९०मध्ये आढळले की मृत्यू वाढले नव्हते, पण प्रकृती स्थिर नसताना सोडलेल्या रुग्णांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १८वर गेले होते. ती जोखीम घरातल्या माणसांच्या, बहुधा बायकोच्या किंवा मुलीच्या, अंगावर पडली आणि तिचा हिशेब कुठल्याच बिलात आला नाही. ॲप आले ते या रिकाम्या जागेत.

वयस्क रुग्णांना हे जमणार नाही, हा आक्षेप स्वाभाविक आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ‘वूंडचेक’ या ॲपचा २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे बऱ्यापैकी उत्तर देतो. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या ४० रुग्णांना वापर शिकवून दोन आठवडे रोज फोटो पाठवायला सांगितले होते. जांघेतली चीर आपली आपल्याला नीट दिसत नाही, तिथे घरच्यांचा हात लागतोच. तरीही बहुतेकांनी फोटो नेमाने पाठवले. सात जणांच्या जखमेतली गुंतागुंत वेळेत कळली, एकाची निसटली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण पलीकडे रोज फोटो उघडून पाहणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका होत्या, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पाहणारे कुणी नसेल तर फोटो कितीही स्पष्ट असो, पू होणे थांबत नाही.

मग हे पाहण्याचे काम यंत्रावरच का सोपवू नये? मिशिगनमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवून दिले की बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरकडून कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा निसटत होती. काळ्या त्वचेवर जखमेभोवतीची लालीही चटकन दिसत नाही. इथे अनुभवी माणसाची नजर लागते, आणि त्या नजरेला वेतन लागते. १९९२पासून मेडिकेअर मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांची सर्जनची देखभाल एकाच रकमेत गुंडाळते. रोजचे फोटो पाहणाऱ्या परिचारिकेचा वेळ त्यात वेगळा मोजलाच जात नाही. २०१९मध्ये दूरस्थ देखरेखीसाठी स्वतंत्र पैसे मिळू लागले खरे, पण उपकरणाच्या बिलासाठी २०२५अखेरपर्यंत ३० दिवसांत किमान १६ दिवसांच्या नोंदींची अट होती. वर्षानुवर्षे चालणाऱ्या रक्तदाबाला ती अट शोभत होती. टाक्यांमधला संसर्ग बऱ्याचदा पहिल्या पंधरवड्यातच डोके वर काढतो, आणि परिचारिकेच्या कामाचे पैसे त्याच दिवसांसाठी मिळायला हवेत.