लेझर बोअरसायटर म्हणजे काय? त्याने रायफलचा नेम खरंच बसतो का?

रायफलवर नवा स्कोप चढवायचा, नळीत लेझरचं छोटं उपकरण बसवायचं, समोर लाल ठिपका पडला की स्कोपची फुली त्यावर आणायची. झालं, नेम बसला! असे रील्स सोशल मीडियावर भरपूर दिसतात. यातल्या पायऱ्या बरोबर आहेत, शेवटचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. नळी कुठे रोखली आहे हे लेझर सांगतो. गोळी कुठे लागेल हे तो सांगू शकत नाही.

बोअरसायटर काय काम करतो?

बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीची आतली पोकळी. स्कोप नळीच्या वर, साधारण ४ सेंटीमीटर उंचीवर बसतो. नवा स्कोप लावल्यावर तो आणि नळी एकाच दिशेला पाहत असतील याची खात्री नसते. अशा वेळी पहिली गोळी कागदी लक्ष्याला शिवतही नाही आणि चूक कोणत्या बाजूला आहे हेही कळत नाही. महागडी काडतुसं वाया जातात ती इथे. बोअरसायटर ही पहिली अडचण सोडवतो.

त्याचे मुख्य प्रकार तीन:

- काडतुसाच्या आकाराचा, चेंबरमध्ये बसणारा
- दांडीच्या आधाराने नळीच्या तोंडात घुसवायचा
- चुंबकाने नळीच्या तोंडाला चिकटणारा

लेझर येण्याआधीही हे काम होत होतंच. बोल्ट रायफल असेल तर बोल्ट काढायचा, रायफल घट्ट टेकवायची, मागून नळीतून लक्ष्य पाहायचं आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच जागी आणायची. ही पद्धत आजही चालते आणि फुकट आहे.

ठिपक्यावर फुली असूनही गोळी खाली का लागते?

लेझरचा किरण सरळ जातो. गोळी मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते.

पॉइंट टू टू रायफलचं उदाहरण घेऊ. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर धरला, तर ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून अंदाजे १२ सेंटीमीटर खाली येते. स्कोप आणि लेझर २५ मीटरवर जुळवले असतील, तर त्यांच्या रेषा तिथे एकमेकींना छेदतात आणि ५० मीटरवर नळीची रेषा नजरेच्या रेषेपेक्षा ४ सेंटीमीटर वर असते. १२ मधून ४ वजा केले, तर गोळी नेमापेक्षा सुमारे ८ सेंटीमीटर खाली लागते.

हा फरक किती मोठा? ५० मीटर रायफल स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. सर्वात बाहेरचं, एका गुणाचं वर्तुळ १५४.४ मिलिमीटरचं. म्हणजे मध्यावर नेम धरूनही गोळी शेवटच्या वर्तुळाच्या काठावर जाते. शिवाय काडतूस बदललं की वेग बदलतो आणि हा हिशेबही बदलतो.

योग्य पद्धत कोणती?

१. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून खात्री करावी. काडतुसं दुसरीकडे ठेवावीत.

२. उपकरण नळीत फिरवून पाहावं. ठिपका जागचा हलला नाही तर ते सरळ बसलं आहे. ठिपका गोल फिरत असेल, तर त्या वर्तुळाचा मध्य धरावा.

३. रायफल टेकवून २५ मीटरवर फुली ठिपक्यावर आणावी. भर उन्हात लाल ठिपका दिसत नाही. सावलीत किंवा संध्याकाळी हे काम सोपं जातं.

४. उपकरण काढून रेंजवर त्याच काडतुसाच्या तीन गोळ्या झाडाव्यात. तिन्ही भोकांचा मध्य पाहून स्कोपचे क्लिक फिरवावेत. पाव मिनिटाचा एक क्लिक ५० मीटरवर साधारण साडेतीन मिलिमीटर सरकवतो. म्हणजे वरचा ८ सेंटीमीटरचा फरक भरायला सुमारे २२ क्लिक लागतील.

५. पुन्हा तीन गोळ्या. गोळ्या नेमावर लागेपर्यंत हेच करायचं. याला रायफल झिरो करणं म्हणतात.

विसरलात तर जीवावर बेतू शकतं

नळीच्या तोंडातलं उपकरण तसंच राहिलं आणि गोळी झाडली, तर नळी फुटू शकते. म्हणून काडतूस हातात घेण्याआधी नळी आरपार मोकळी असल्याचं पाहावं. लेझर कुणाच्याही डोळ्यांवर मारू नये.

हा प्रयोग गॅलरीतून तर मुळीच करू नये. नालासोपारा-विरारसारख्या दाट वस्तीत समोरच्या भिंतीवर ठिपका पडला, तर लोकांना तो बंदूक रोखल्याचाच प्रकार वाटेल. आणि ती खरोखर रोखलेलीच असते.

वसई-विरारमध्ये नियम काय?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. वसई-विरारसाठी ते २०२० मध्ये सुरू झालेलं मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय. शस्त्र नियम, २०१६ नुसार एअर रायफलची नळी ०.१७७ इंचापेक्षा मोठी किंवा ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, तर तिलाही परवाना लागतो. परवाना नको असलेली एअरगन घेऊन तुंगारेश्वरच्या जंगलात पाखरं टिपणं हा मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हाच आहे.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. ने-आण करताना स्कोपला धक्का बसू शकतो. त्यामुळे रायफल परत मिळाल्यावर झिरो पुन्हा तपासावा, तोही अधिकृत रेंजवरच.

ऑलिम्पिकमध्ये काय होतं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, बारीक छिद्रांतून नेम धरावा लागतो. तरीही स्पर्धेआधी नेमबाजांना सरावाच्या गोळ्या झाडायला वेगळा वेळ मिळतो. त्या गोळ्यांचे गुण धरले जात नाहीत. त्या दिवशी, त्या हवेत, त्याच काडतुसाने गोळी कुठे लागते हे प्रत्यक्ष पाहूनच ते साइट जुळवतात.

बोअरसायटरमुळे काडतुसं वाचतात, वेळ वाचतो. पण रायफल झिरो झाली की नाही, हे शेवटी कागदावरची भोकंच सांगतात.